दलदलीत कोणी नसतं

मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि सुपीरियर सरोवर सुरू होतं, तिथल्या एका गावात आम्ही ऐंशीच्या दशकातली काही वर्षं काढली. नवरा धातुशास्त्रात पीएच.डी. करत होता. मी काय करत होते, याचं सरकारदरबारी उत्तर होतं, काही नाही. विद्यार्थ्याच्या मागून आलेल्या बायकोने नोकरी करायची नाही असा अमेरिकेचा नियम होता. आणि नियम मोडायचाच म्हटलं तरी आधी घराचं दार उघडायला हवं. बर्फ ऑक्टोबरात यायचं ते पाहुण्यासारखं, आणि मेपर्यंत राहायचं ते घरजावयासारखं.

मी मूळची मिरजेची. आमच्या आळीत दारादारांत तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले असायचे, त्यामुळे गाणं शिकणं ही काही हौस नव्हती, ते आपोआपच व्हायचं. बुवांकडे माझी बरीच वर्षं गेली. निघताना नमस्काराला गेले तेव्हा ते म्हणाले, "गळा म्हणजे विहीर. उपसली नाही तर बेडकं होतात." बुवांना अमेरिकेबद्दल एवढंच सांगायचं होतं.

तंबोरा मात्र बरोबर नेला नाही. विमानात तंबोरा नेणं म्हणजे सासूबाईंना नेण्यासारखं. जागा मोठी लागते आणि वाटेत तडकायची भीती. मग मी स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर भागवलं. तो एक जुना, पोट सुटलेला फ्रिज होता आणि त्याची घरघर काळी पाचच्या किंचित वर लागायची. माझी पट्टी काळी पाच. मी त्याच्याशी जुळवून घेतलं, कारण तो माझ्याशी जुळवून घेणार नव्हता. अडचण एवढीच की हवा तेवढा गार झाला की तो बंद पडायचा, आणि ऐन आलापात माझा षड्ज निघून जायचा.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीणबाई. निवृत्त शाळामास्तरीण, उंच, पांढऱ्या भुवयांच्या. त्यांचे आजोबा फिनलंडहून तिथल्या तांब्याच्या खाणीत काम करायला आले होते. अख्खं गावच असल्या आजोबांच्या नातवंडांचं होतं. तांबं कधीच संपलं होतं, खाणी बंद पडल्या होत्या, पण लोक राहिले होते. बोलत नव्हते, पण राहिले होते. फिनिश माणूस तुमच्याकडे तासभर बसून एक वाक्य बोलून गेला, तर तो गप्पा मारून गेला असं समजायचं.

तर त्या बाई एका सकाळी जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "तू मला खाली ऐकू येतेस."

आमच्या आळीत कोणी घरी येऊन असं म्हणालं असतं तर आईने त्याला चहा दिला असता. मीही खुश होऊन थँक यू म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "वर नको. गुरुवारी, सात वाजता. चर्चच्या तळघरात. आल्टो कमी पडतात."

नवऱ्याने त्याच दिवशी फर्मान काढलं की आता घरात गायचं नाही. या भाड्यात अशी उबदार जागा पुन्हा मिळणार नाही. प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला शांतता हवीच होती, तिला आयतं कारण मिळालं. म्हणजे मला गावात तोंड उघडायला एकच जागा उरली, ती चर्चचं तळघर. विहीर उपसायची तर तिथेच.

"आणि शनिवारची बैठक?" असं कोणी मराठी माणूस विचारेल म्हणून तेही सांगते.

गावात विद्यापीठामुळे आम्ही पाचसहा मराठी कुटुंबं होतो आणि काही सडे विद्यार्थी. सगळ्यांचे पुढारी म्हणजे काका. नागपूरकडचे, विद्यापीठात प्राध्यापक, आणि गावातले सगळ्यात जुने मराठी. कॅसेटींनी भरलेली दोन कपाटं त्यांच्याकडे होती, त्यामुळे संगीतातला शेवटचा शब्द त्यांचा. दर शनिवारी त्यांच्याकडे जमायचं. काकू शिकागोहून आणलेल्या बेसनाचे बटाटेवडे करायच्या. बेसनाला एवढा प्रवास घडलेला असल्यामुळे वड्यांचा मान मोठा होता. वडे आणि शिरा यांच्या मध्ये जो रिकामा वेळ असे त्यात काका म्हणायचे, "आता मिरजवाल्या बाईंचं एक होऊन जाऊ द्या."

मी डोळे मिटून षड्ज लावायची. तेवढ्यात कोणीतरी चटणी मागायचं. बंदिशीच्या अस्ताईपर्यंत ग्रीन कार्डाचा विषय निघालेला असे, आणि अंतऱ्याला कोणाची तरी गाडी बर्फात कशी घसरली ते चालू असे. समेला मात्र सगळे एकदम "वा!" म्हणायचे. सम कुठे आहे ते काकांच्या मांडीवरून कळायचं, आणि काकांची मांडी नेहमी एक मात्रा पुढे असायची. गाणं झालं की एखादा विद्यार्थी म्हणायचा, "वहिनी, यार, काय आवाज आहे." त्याने तो ऐकलेला नसायचा. मला राग यायचा, खूप यायचा, पण वडे खाऊन घरी जायचं असल्यामुळे तो दाखवता यायचा नाही.

म्हणून त्या गुरुवारी तळघरात उतरताना माझ्या मनात एकच होतं. ही माणसं निदान गप्प बसतील. मला कोणीतरी एकदा नीट ऐकावं, एवढीच माझी भूक होती.

तळघरात कॉफीचा वास होता आणि वेलदोडा घातलेल्या गोड पावाचा. गायला अठरावीस माणसं, सगळी माझ्या आईवडिलांच्या वयाची किंवा त्याहून मोठी. पुरुष मागे, कोटांची बटणं लावून, बस चुकलेल्या चेहऱ्यांनी उभे. कोरस चालवायच्या त्या आमच्या घरमालकीणबाईच. त्यांनी मला दोन म्हाताऱ्या आल्टोंच्या मध्ये उभं केलं. आल्टो म्हणजे बायकांतला खालचा आवाज. सोप्रानो वर चमकतात, आल्टो खाली ओझं उचलतात. आमच्याकडे मोठ्या सुना जसं करतात तसं.

आणि ती गाणी. पहिलं बर्च झाडाचं. दुसरं तळ्याचं. तिसरं वाऱ्याचं, पण तो तळ्यावरचाच वारा. चौथं एका धोंड्याचं. आपल्याकडे ढग आला की त्याच्या पाठोपाठ विरहिणी येते, मोर आला की सखी येते, निसर्गाला एक मिनिट एकटं सोडत नाहीत. इथे मी वाट बघत होते, धोंड्यावर कोणीतरी येऊन बसेल. कोणी बसलं नाही. धोंडा गाणंभर धोंडाच राहिला.

फिनिश शब्द मी देवनागरीत लिहून घेतले. त्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घाला फार किंमत, आणि ऱ्हस्व-दीर्घासाठी मी लहानपणी पुष्कळ छड्या खाल्ल्या होत्या. पहिल्याच महिन्यात माझे उच्चार मागच्या रांगेतल्या, खाणीतल्या आजोबांच्या त्या नातवंडांहून बरे झाले. मी जरा फुगले. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "शब्द चांगले आहेत. पण तू ऐकू येतेस."

दुसऱ्यांदा मी थँक यू म्हणाले नाही.

माझं काय चुकत होतं ते मला कळायला थंडी सरावी लागली. मी स्वराला सरळ भिडत नव्हते, खालून मींड घेऊन जात होते. आमच्याकडे स्वराच्या घरी असं थेट शिरत नाहीत. जागा मोकळी दिसली की छोटीशी मुरकी टाकत होते. आणि दर गुरुवारी थोडं वेगळं गात होते, कारण कालच्यासारखंच आज गायलं तर बुवा तंबोरा खाली ठेवायचे. इथे बाई म्हणायच्या, "मागच्या गुरुवारसारखं गा." मला वाटायचं, यांना माझा अपमान करायचाय. त्यांना फक्त मागच्या गुरुवारसारखं हवं होतं.

श्वासाचंही तेच. आपल्याकडे श्वास ज्याचा त्याचा, आणि तो शब्दाच्या मध्ये घेणं म्हणजे पाप. तिथे आल्टोंनी सूर मिनिट-मिनिटभर धरायचा आणि तो तुटू द्यायचा नाही. म्हणजे शेजारीण श्वास घेत असताना आपण घ्यायचा नाही, आणि आपला घ्यायचा तो शब्दाच्या पोटात, चोरून, कोणाला कळणार नाही असा. माझ्या डावीकडच्या आजींच्या अंगाला सांधेदुखीच्या मलमाचा वास यायचा. त्या श्वास घेताना तो जरा जास्त यायचा. त्यावरून मी माझी वेळ धरायला शिकले. बुवांना हे कळलं असतं तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं.

वसंतातल्या कार्यक्रमासाठी बाईंनी शेवटचं गाणं दलदलीचं ठेवलं होतं. हो, दलदलीचं. आल्टोंनी तोंड मिटून एक खालचा सूर धरायचा, ती दलदल. पुरुष वर धुकं आणतात. सोप्रानो म्हणजे एक क्रौंच पक्षी. तो येतो, उतरतो, आणि काहीही न करता उडून जातो. मग सूर विझतो आणि बाई दोन्ही हात वर धरून उभ्या राहतात. ती शांतताही गाण्यातलीच. हात खाली आल्यावर गाणं संपलं.

मी न राहवून विचारलं, "या गाण्यात माणूस कुठे आहे?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "दलदल आहे."

"मग पक्ष्याला बघतंय कोण?"

बाईंनी विचार केला. "कोणी नाही," त्या पुन्हा म्हणाल्या. "तू सोडून. आणि तेच चुकतंय."

कार्यक्रमाला दोन गुरुवार राहिले होते. तालमीनंतर त्यांनी मला थांबवलं आणि त्यांच्या मानाने भाषणच केलं. "तू चांगली गायिका आहेस. पण माझ्या दलदलीत कोणीतरी उभं आहे. कार्यक्रमात तू ऐकू आलीस, तर सप्टेंबरपासून तू कॉफीकडे बघ."

कॉफीकडे. मिरजेच्या मुलीने. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं, त्यांची कॉफी फार पातळ असते." त्या माणसाला पुढे धातुशास्त्रात पुष्कळ मान मिळाला, आणि धातूच त्याला समजायचे. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. मला तळघर गमवायचं नव्हतं. ते गेलं असतं तर पुढच्या हिवाळ्याच्या बर्फात मी, तो बंद पडणारा फ्रिज आणि शनिवारचे वडे एवढंच उरलं असतं.

त्यात काकांना बातमी लागली.

"आपल्या बाईंचा चर्चमध्ये सोलो आहे," त्यांनी शनिवारी जाहीर केलं.

"काका, सोलो नाही हो. कोरस आहे. मी एकच सूर धरणार, तोही तोंड मिटून."

"ऐका, ऐका. याला म्हणतात नम्रता. आपण सगळे जायचं. मी माझा जपानी टेप घेऊन येतो, प्रॉपर रेकॉर्ड करू."

मी त्यांना त्यातली एक चाल गुणगुणून दाखवली. म्हटलं बघा, यात दाखवण्यासारखं काही नाही. काकांनी डोळे मिटले. "पाच सूर. हा तर आपला भूप."

"काका, यात गंधार कोमल आहे."

"मग थंडीने बिघडलेला भूप. आपल्याकडूनच गेलाय. बर्च म्हणजे काय? भूर्ज. भूर्जपत्र. झालं."

"बर्च हा इंग्रजी शब्द आहे, काका. फिनिश लोक त्या झाडाला कोइवू म्हणतात."

काकांनी हातातला अर्धा वडा बशीत ठेवला. "पावात वेलदोडा घालतात की नाही?" ते म्हणाले. "तो काय इथे पिकतो?" मी वडा घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी रस्त्याच्या कडेला अजून काळपट बर्फाचे ढीग होते. मराठी मंडळी चार गाड्यांतून आली. बायकांनी पैठण्या नेसल्या होत्या आणि वर रजईएवढाले कोट. फिनिश श्रोते रीतीप्रमाणे मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले होते, पुढचे बाक देवासाठी मोकळे सोडून. आमची माणसं थेट दुसऱ्या रांगेत. काकांनी पुढच्या बाकाच्या पाठीवर टेपरेकॉर्डर ठेवला आणि त्याचा लाल दिवा माझ्याकडे करून मला हाताने खूण केली, की हं, काळजी नको.

बर्च झालं, तळं झालं, धोंडा झाला. दुसऱ्या रांगेत काकूंनी पर्समधून बडीशेप काढून वाटली. मग बाईंनी आमच्या बाजूला हात केला आणि दलदल सुरू झाली.

सूर खाली, जाड, माझ्या छातीच्या अगदी सोयीचा. वर्षभरात एवढी माणसं इतकी गप्प माझ्यासमोर बसली नव्हती. समोर लाल दिवा. आणि माझ्या गळ्यात एक हरकत उठली. शिंक येते तशी. मी बोलावली नव्हती. एवढीशी जागा, निषादाला नुसता स्पर्श करून परत यायचं. काकांना कळली असती, टेपवर आली असती, शिकागोपर्यंत तिचं नाव झालं असतं. मी ती धरून ठेवली. डोळ्यांत पाणी आलं. डावीकडून मलमाचा वास जरा वाढला, आजींचा श्वास झाला, आता माझी पाळी; मी सुराच्या पोटात चोरून श्वास घेतला आणि परत शिरले. तेवढ्यात मला भीती वाटली, कारण माझा आवाजच मला सापडेना. मी गात होते हे माझ्या घशाला कळत होतं, पण कानाला कळत नव्हतं. नुसता सूर होता, सगळ्यांचा. क्रौंच आला, उतरला, गेला. मी तिथे नव्हते आणि मला फार बरं वाटत होतं. हे मी बुवांना कधीही सांगितलं नाही.

सूर विझला. बाईंचे दोन्ही हात वर. त्या शांततेत मागच्या बाकावर कोणी साधा पायही हलवला नाही.

"क्या बात है!" काका म्हणाले.

भरल्या गळ्याने म्हणाले. दाद म्हणजे उपकाराची परतफेड, ती वेळेवर द्यावी असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. एकही फिनिश मान वळली नाही. बाईंचे हात वरच राहिले, ठरल्याइतका वेळ, मग खाली आले. माझे कान एवढे तापले होते की त्यांच्यावर पोळी भाजता आली असती.

खाली कॉफीच्या वेळी काकूंनी मला बाजूला घेतलं. "अगं, तुझा नंबर कधी झाला? आम्ही बाथरूमला गेलो होतो तेव्हा?" मी त्यांना पाव दिला. मला तेव्हा काकूंशी बोलायचं नव्हतं, बाई माझ्याकडे येत होत्या. माझं तळघर राहतंय की जातंय ते त्या सांगणार होत्या.

बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "तू ऐकू आली नाहीस," त्या म्हणाल्या.

मी थँक यू म्हणाले. या वेळी बरोबर जागी.

"ते गृहस्थ ऐकू आले," बाई म्हणाल्या, आणि काकांकडे पाहिलं. मग कॉफीचा घोट घेतला. "सप्टेंबर. गुरुवार. सात."

पुढच्या शनिवारी काकांकडे टेपचं उद्घाटन होतं. विद्यार्थ्यांसकट झाडून सगळे आले होते. काकूंनी वडे मध्ये आणून ठेवले. काकांनी कॅसेट पुढे सरकवून नेमकी दलदलीवर आणली आणि म्हणाले, "आता ऐका आपल्या बाईंना."

सगळ्यांनी ऐकलं. मी कुठे आहे ते कोणाला कळेना. "हा आवाज तुमचा का, वहिनी?" एका विद्यार्थ्याने विचारलं. मी म्हटलं, ऐका. त्यांनी पुढे ऐकलं. धुकं आलं, पक्षी आला, गेला. शांतता झाली आणि तिच्यात कोणीतरी ओरडलं.

"हा कोण गाढव मध्येच बोलला?" काका चिडून म्हणाले.

"तुम्हीच," काकू म्हणाल्या.

काकांनी टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. आता प्रश्न इभ्रतीचा होता. चार गाड्या काढून, जाऊन रेकॉर्ड केलेली आपली बाई सापडलीच पाहिजे. सगळे टेपभोवती वाकले. कोणी चटणी मागितली नाही. ग्रीन कार्डाचा विषय निघाला नाही. काकांची मांडी स्थिर होती. एक पोर काहीतरी बोलायला लागलं तर त्याच्या आईने त्याला शू केलं. सबंध दलदल, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, ती माणसं श्वास धरून ऐकत होती. माझ्यासाठी. वडे गार होत होते.

"मिळाली का?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं.

"श्श," काका म्हणाले, आणि तिसऱ्यांदा टेप मागे घेतली.

मी कुठे आहे ते मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते पुन्हा बोलायला लागले असते.